एनपीएमनं (जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये इतरांनी लिहिलेली कोडची पॅकेजेस बसवणारं साधन) पॅकेज टाकताना व्हर्जनच्या आकड्यापुढचं ^ तसंच ठेवावं की व्हर्जन पक्कं लिहावं?

तुमच्या पाच जणांच्या टीममध्ये भांडण असं दिसतंय: एक म्हणतो ती टोपी (^) काढा, दुसरा म्हणतो मग सिक्युरिटीचे फिक्स कसे येणार. त्याआधी एक सांगा, तुमची लॉक फाइल (प्रत्येक पॅकेजचं नेमकं कोणतं व्हर्जन बसलंय ते नोंदवणारी) गिटमध्ये आहे का?

आमच्याकडे नव्हती. मर्ज कॉन्फ्लिक्टला वैतागून कुणीतरी ती गिटइग्नोरमध्ये (गिटनं कुठल्या फाइली वगळायच्या त्या यादीत) ढकलली होती. मी एका बटणाचा रंग बदलून डिप्लॉय केलं आणि साइटवरच्या सगळ्या तारखा एक दिवस मागे! माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक, कारण पॅकेजेस जिथे बसतात ते माझं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर चार महिने जुनं. सर्व्हरवर मात्र दर वेळी कोरं इन्स्टॉल व्हायचं, आणि त्याला त्या दिवशी तारखांच्या लायब्ररीचं नवं मायनर व्हर्जन (मधला आकडा वाढलेलं) सापडलं. रात्री साडेअकरापर्यंत मी बिचाऱ्या रंगावर संशय घेत बसले होते.

व्हर्जन न सांगता पॅकेज टाकलं की एनपीएम 'लेटेस्ट' टॅगचं व्हर्जन उचलतं आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) पुढे ^ लावून लिहितं. ^१.४.० म्हणजे १.४.० पासून २.०.० च्या आतलं काहीही चालेल. (शून्यानं सुरू होणाऱ्यांना जरा कडक नियम आहे, ^०.२.३ हे ०.३.० च्या आतच राहतं.) मायनरमध्ये काही मोडणार नाही हा फक्त लेखकानं दिलेला शब्द, एनपीएम तो तपासत नाही. जानेवारी २०२२ मध्ये 'कलर्स' पॅकेजच्या लेखकानं स्वतःच मुद्दाम १.४.० नंतरच्या व्हर्जनमध्ये न संपणारा लूप घातला होता. लोकांच्या टर्मिनलवर 'लिबर्टी' आणि कचरा अक्षरांचा पूर.

म्हणून टोपी काढणारा अर्धाच बरोबर आहे. तुम्ही स्वतः टाकलेली वीस पॅकेजेस पक्की केलीत, तरी त्यांच्या पोटातल्या शेकडोंना आपापल्या टोप्या आहेतच. त्या सगळ्यांना जागेवर धरते ती लॉक फाइल. दुसऱ्याचंही चुकतंय: लॉक फाइल असताना नुसतं इन्स्टॉल केलं तर ^ असूनही नवं काही येत नाही, त्यासाठी एनपीएम अपडेट चालवावं लागतं.

मी काय करते? ॲप असेल तर एनपीएमआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये सेव्ह-एक्झॅक्ट ट्रू, म्हणजे ^ न लागता पक्कं व्हर्जन लिहिलं जातं. सर्व्हरवर इन्स्टॉल नाही, एनपीएम सीआय. ते जुनं फोल्डर उडवून लॉकप्रमाणेच बसवतं, आणि लॉक व पॅकेज डॉट जेसन जुळत नसतील तर सरळ थांबतं. लायब्ररी लिहून इतरांना देत असाल तर मात्र ^ राहू द्या, नाहीतर त्यांच्याकडे एकाच पॅकेजच्या दोन-दोन प्रती बसतील.

अपडेट आमच्याकडे मंगळवारी सकाळी, एकच जण, एनपीएम आउटडेटेड (जुनी पडलेली पॅकेजेस दाखवणारी कमांड) बघून, वेगळ्या कमिटमध्ये. शुक्रवारी तर नाहीच नाही. कालच आलेलं व्हर्जन आम्ही घेत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये 'चॉक' आणि 'डीबग'सारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या पॅकेजेसमध्ये घातकी कोड घुसला होता आणि ती व्हर्जन काही तासांतच काढली गेली. आठवडाभर थांबणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसेल. एनपीएमला पर्याय असलेल्या पीएनपीएममध्ये १०.१६ पासून व्हर्जन किमान किती जुनं झाल्यावरच घ्यायचं याची सेटिंगच आहे. एनपीएम ऑडिटमध्ये (पॅकेजेसमधल्या सिक्युरिटीच्या माहीत असलेल्या चुका दाखवणारी कमांड) गंभीर काही दिसलं तर मात्र मंगळवारची वाट बघू नका.

लॉक फाइल पहिल्यांदाच घालणार असाल तर नोड मॉड्यूल्स उडवून नव्यानं सुरुवात करू नका, तो मोह होतो. ज्याच्या लॅपटॉपवर सगळं नीट चालतंय, त्याच्याच फोल्डरात, काही न पुसता एनपीएम इन्स्टॉल चालवा. आत्ता जे बसलेलं आहे तेच लॉकमध्ये लिहिलं जाईल. ती फाइल कमिट करा, आणि गिटइग्नोरमधली ओळ काढायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो.