नवीन फायरवॉल लावल्यावर नेट चालू पण मेल सर्व्हर बाहेरून बंद, एआरपी कितीदा क्लिअर केलं तरी तेच. काय करू?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं. संध्याकाळी जुना बॉक्स काढून पीएफसेन्स (हा नवीन फायरवॉल) लावला, आतल्या सगळ्या लोकांचं नेट मस्त चालू आहे, पण मेल आणि वेब सर्व्हरच्या ज्या दोन वेगळ्या पब्लिक आयपी आहेत त्या बाहेरून लागत नाहीत. दोन तासांत चार वेळा एआरपी टेबल (कोणती आयपी कोणत्या मॅकवर, म्हणजे नेटवर्क पोर्टच्या हार्डवेअर पत्त्यावर, आहे याची यादी) साफ केलं, दोनदा रीबूट मारलं, आणि सर्व्हिसवाला म्हणतोय नॅटच (बाहेरची आयपी आतल्या मशीनला जोडून देणारी सेटिंग) चुकलंय, सगळं परत करा.

नॅटला आत्ता हात लावू नका. कॅश, म्हणजे ती साठवलेली यादी, शिळी झालीय हा तुमचा अंदाज बरोबर आहे, फक्त झाडू तुम्ही आपल्या घरात मारताय आणि कचरा शेजारच्या अंगणात पडलाय. शिळी एन्ट्री आयएसपीच्या, म्हणजे नेट देणाऱ्या कंपनीच्या, राउटरमध्ये आहे. तुमच्या बॉक्सचं स्वतःचं टेबल तर तसंही २० मिनिटांत बदलतं, ते हाताने साफ करून काही मिळणार नाही.

आता नेट चालतं मग मेल का नाही, ही खरी गंमत. नवीन बॉक्स चालू झाला की त्याला गेटवेचा, म्हणजे आयएसपीच्या त्या राउटरचा, मॅक हवा असतो, म्हणून तो ओरडतो की हा गेटवे कोणाकडे आहे, आणि त्या ओरडण्यातच त्याचा स्वतःचा आयपी अन मॅक पण असतो. एआरपी १९८२ साली लिहिलं गेलं तेव्हापासूनचा नियम आहे की ऐकणाऱ्याकडे त्या आयपीची जुनी नोंद असेल तर त्याने ती तिथल्या तिथे बदलून घ्यायची. म्हणजे वॅन इंटरफेसच्या (बाहेरच्या बाजूच्या पोर्टच्या) आयपीचा नवा मॅक राउटरला फुकटात कळला, आणि आतली सगळी जनता त्याच आयपीमागून बाहेर जाते म्हणून तिचं नेट चालू. पण मेलची आयपी इंटरफेसवर नाहीच, ती फक्त नॅटमध्ये आहे, कोणी विचारलं तरच तुमचा बॉक्स तिच्या वतीने हो मी इथे आहे म्हणणार. आणि राउटर विचारतच नाही, कारण त्याच्या मते त्याला उत्तर माहिती आहे, जुन्या बॉक्सचा मॅक. सिस्कोच्या राउटरवर ही नोंद डीफॉल्टला १४४०० सेकंद राहते, म्हणजे चार तास. तेवढा वेळ तुमचं सगळं मेल खोक्यात भरून ठेवलेल्या जुन्या डब्याच्या नावाने येत राहणार.

हे मी स्वतः भोगलंय. चाकणला एका कंपनीत शनिवारी दुपारी फायरवॉल बदलला, हेच झालं, आणि मी संध्याकाळपर्यंत नॅटचे रुल पाडत अन बांधत बसलो. मग एक रुल वरचा खाली केला आणि अचानक सगळं चालू! पुढे वर्षभर मी लोकांना सांगत होतो की रुलचा क्रम बघा म्हणून. रुलचा काही संबंध नव्हता हो, चार तास भरले होते एवढंच.

तर अंदाजावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा. पीएफसेन्सच्या पॅकेट कॅप्चरमध्ये वॅन निवडा, मेलची आयपी टाका, प्रॉमिस्क्युअसवर टिक करा (हे विसरलात तर दुसऱ्याच्या मॅकवर आलेलं पॅकेट दिसणारच नाही आणि तुम्ही म्हणाल की काही येतच नाही). शेलमधून करत असाल तर टीसीपीडम्पला (पॅकेट दाखवणाऱ्या कमांडला) -ई द्या, नाहीतर मॅक छापून येत नाही. आता मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावरून वेबमेल उघडा. पॅकेट येताना दिसेल, आणि ते कोणत्या मॅकसाठी आलंय तो बघा. मग जुना बॉक्स उलटा करून खालच्या स्टिकरवरचा मॅक वाचा. माझ्या वेळी शेवटचा आकडा एकाने पुढे होता, कारण स्टिकरवर पहिल्या पोर्टचा मॅक असतो आणि वॅन दुसऱ्या पोर्टला होतं, तेव्हा एकदोनचा फरक आला तर घाबरू नका, तोच आहे तो.

मॅक जुना निघाला तर विषय संपला, दोष वरच्या राउटरचा. मॅक तुमचाच असेल तर मात्र एआरपी सोडा आणि मग खुशाल नॅट अन रुल बघा. तिसरी शक्यता अशी की राउटर सारखा विचारतोय ही आयपी कोणाकडे आहे आणि तुमच्याकडून उत्तरच जात नाहीये, म्हणजे व्हर्च्युअल आयपी (इंटरफेसच्या आयपीशिवाय बॉक्सने सांभाळायची जादा आयपी) बनवायची राहिली. पीएफसेन्समध्ये नुसतं वन टू वन नॅट (बाहेरची एक आयपी आतल्या एका मशीनला) टाकून भागत नाही, व्हर्च्युअल आयपी वेगळी टाकावी लागते, हे बऱ्याच जणांकडून सुटतं.

उपाय आता. व्हर्च्युअल आयपीचा टाइप प्रॉक्सी एआरपी असेल तर तो आयपी अलियास करा आणि सेव्ह करून अप्लाय मारा. प्रॉक्सी एआरपीवाला बिचारा विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, अलियास मात्र पत्ता अंगावर घेताना एकदा सगळ्यांना ओरडून सांगतो, त्याला ग्रॅच्युइटस एआरपी म्हणतात, आणि बहुतेक राउटर ते ऐकून नोंद बदलतात. दोन्ही आयपींसाठी करा. काही आयएसपींची उपकरणं हे मुद्दाम ऐकत नाहीत, कोणीही उठून दुसऱ्याची आयपी बळकावू नये म्हणून, मग फोन करण्यावाचून इलाज नाही. फोनवर "मेल बंद आहे" म्हणू नका, ते तुम्हाला मेल सर्व्हर रीस्टार्ट करायला सांगतील. सरळ म्हणा की फायरवॉल बदललाय, या दोन आयपींची एआरपी एन्ट्री तुमच्या राउटरवर क्लिअर करा, आणि मॅक बांधून ठेवला असेल तर नवीन लिहून घ्या. बांधलेला असेल तर चार तास काय चार दिवस थांबलात तरी सुटणार नाही. आयएसपीचा राउटर तुमच्याच रॅकमध्ये असेल आणि मॅक बांधलेला नसेल तर यातलं काहीच नको, त्याला एकदा बंद करून चालू करा.

जुन्या बॉक्सचा मॅक नव्यावर टाकायचा सल्ला पण कोणीतरी देईल. चालतो तो, लगेच चालतो. पण सहा महिन्यांनी कोणीतरी तो जुना डबा "टेस्टिंगला" म्हणून त्याच स्विचला लावतं आणि दोघांचा मॅक एकच, मग नेट दर मिनिटाला येतं अन जातं. मी तरी करत नाही.

बाकी आतल्या बाजूला असाच त्रास कधी झाला, म्हणजे फायरवॉल मध्येच हरवतो अन परत सापडतो, तर सिस्टिम लॉगमध्ये अमुक आयपी या मॅकवरून त्या मॅकवर गेली अशी ओळ शोधा, बहुतेक वेळा कोणाच्या तरी केबिनमध्ये घरून आणलेला वायफाय राउटर निघतो ज्याची आयपी तुमच्या फायरवॉलचीच असते.

कॅप्चर करून मॅक कोणाचा निघाला ते इथे टाका, पब्लिक आयपी खोडून. आणि जुना बॉक्स भंगारात द्यायच्या आधी स्टिकरचा फोटो काढून ठेवा.