देवाने सूत कुठून आणलं?

प्रश्न : बाई, सप्रेम सलाम. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मागावर आहे. परवा रात्रपाळीला जोडीदाराने विचारलं, "तुमच्या देवाने जग केलं म्हणता, मग सूत कुठून आणलं?" मी म्हटलं, शून्यातून केलं. तो हसला. "आमच्या मालकानंपण शून्यातूनच केलंय!" त्याला काय सांगू? आणि सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर पहिल्या दिवशी उजेड कसला होता?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सलाम. दुसरा प्रश्न आधी उरकते. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सूर्य आणि चंद्र ही नावंच नाहीत. नुसती 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती'. शेजारच्या बाबेलमध्ये (म्हणजे बॅबिलोनमध्ये) हे दोघे देव होते, त्यांची देवळं होती. इथं त्यांना दिव्याचं काम दिलंय, तेही चौथ्या दिवशी. उजेड देवाच्या शब्दाने झाला, सूर्याच्या मेहरबानीने नाही, एवढंच त्या क्रमातून सांगायचं आहे. त्यात भौतिकशास्त्र शोधू नका.

आता सूत. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, मागावर होते, आई ओसरीवर कांड्या भरायची. सूत संपलं की माग गप्प आणि घरही गप्प. त्यामुळे तुमच्या जोडीदाराचा प्रश्न मी लहानपणापासून ऐकलाय, फक्त तो देवाला विचारलेला नसायचा. मालकांचं 'शून्य' म्हणजे काय हेही ठाऊक आहे : दोन जुने माग, सासऱ्याचे उसने पैसे आणि उधारीचं सूत. 2ऱ्या शतकात अंत्युखिया शहराचा बिशप थियोफिलस जवळपास हेच म्हणाला होता. प्लेटोचे अनुयायी म्हणत, द्रव्य अनादि आहे, देवाने त्याला आकार दिला. थियोफिलसचं म्हणणं, मग त्यात देवाचं मोठेपण ते काय? कारागीरही दुसऱ्याकडून माल घेऊन हवी ती वस्तू करतोच.

पण खरं सांगायचं तर उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात 'शून्यातून' हा शब्द नाही. दुसऱ्याच वचनात अंधार आहे, खोल पाणी आहे. ते कुठून आलं हे लेखक सांगत बसत नाही. तिथं आहे ते 'बारा' हे हिब्रू क्रियापद. (संडे स्कूलमध्ये फळ्यावर लिहिलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "कुणाचे वाजले?") मराठीत 'उत्पन्न केली' असं केलंय, ते वाचून मला तहसीलचा दाखला आठवतो, पण असो. या 'बारा'चा कर्ता फक्त देव असतो आणि 'कशापासून' हे त्याच्या जोडीला येत नाही. दुसऱ्या अध्यायात मातीपासून माणूस घडवताना मात्र क्रियापद बदलतं, तिथं कुंभाराचं येतं.

'नसलेल्यातून' हे स्पष्ट बोलली ती एक यहुदी आई. 2 मक्काबी, अध्याय 7. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात हे पुस्तक नाही, कॅथलिकांच्या आहे. शेजारून मागून आणा. ग्रीक राजा अंत्युखस यहुद्यांना निषिद्ध असलेलं डुकराचं मांस खायची सक्ती करतो. नकार दिला म्हणून तिची सहा मुलं तिच्यादेखत हाल करून मारलेली. सातवा, सगळ्यात धाकटा, उरलाय. राजा तिलाच म्हणतो, पोराची समजूत घाल. ती त्याच्याकडे वाकते आणि राजासमोर आपल्या मातृभाषेत बोलते : बाळा, आकाश बघ, पृथ्वी बघ, देवाने हे असलेल्या वस्तूंपासून केलं नाही. माणूसही तसाच झाला. म्हणून मरणाला भिऊ नकोस, तू मला भावांसकट परत मिळशील. उरलं काहीच नाही, अशा जागी उभं राहून ती हे बोलतेय. ज्याला सूत लागत नाही, तो जाळलेलं पोरही परत देऊ शकतो.

यात एक अडचण आहे, ती लपवू नका. चादरीत दोष निघाला की विणकर म्हणतो, सूतच खराब होतं. जगातल्या दुःखाचं खापर तसं मालावर फोडायची सोय आपल्याला नाही. जोडीदार हुशार दिसतो, त्याचा पुढचा प्रश्न हाच येईल. तेव्हा वाद घालू नका, ती आईची गोष्ट सांगा. तो पूर्व भागातला असेल आणि घरी तेलुगू बोलत असेल, तर ती राजासमोर आपल्या भाषेत का बोलली, हे त्याला तुमच्याआधी कळेल.