पहिलीला शिकवायचं, तर बी.एड. की डी.एल.एड.?

प्रश्न : मॅडम, मी अक्कलकोटची. यंदा बी.एस्सी. झाले. मला पहिली-दुसरीच्या मुलांनाच शिकवायचंय. घरचे म्हणतात, सोलापुरात राहून बी.एड. कर, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) बारावीवाल्यांचं. काय करू?

उत्तर : बाळ, डी.एल.एड.च कर. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केलंय. डी.एल.एड. दोन वर्षांचं, शिवाय टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर. पुढे माध्यमिकला विज्ञान शिकवावंसं वाटलं तर बी.एड. आहेच, तेही आता दोन वर्षांचं.

यात कमीपणा कसला? मी सव्वीस वर्षं छात्राध्यापकांचे सराव पाठ पाहिले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आमच्या एका छात्राध्यापिकेने कणसाचं चित्र दाखवलं. एक पोर आनंदाने ओरडलं, "जोन्ना!" घरी तेलुगू बोलणारं ते. ही म्हणाली, "चूक, ज्वारी म्हण." ते पोर तासभर पुन्हा बोललं नाही. संध्याकाळी आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि त्यालाच वाचायला बोलावलं. तुझ्या अक्कलकोटात तेच चित्र पाहून एखादं कन्नड बोलणारं मूल "जोळ" म्हणेल. तिथे काय करायचं, हे पदवीच्या पुस्तकात सापडत नाही गं.

प्रवेश घेण्याआधी अध्यापक विद्यालयात जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचार, प्रत्यक्ष वर्गात किती आठवडे उभ्या राहिलात, आणि पाठानंतर कुणी बसून बोललं का?