आरडीडब्ल्यू वाढलाय म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : वय ३४, स्त्री. सीबीसीत (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत) हिमोग्लोबिन १०.२, तांबड्या पेशी ४१ लाख, एमसीव्ही ७१ आणि आरडीडब्ल्यू १८.२ टक्के आलाय. शेवटच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण आहे. नात्यात एकाला थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक, सौम्य दोष) आहे. मलाही तेच असेल का?

उत्तर : एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते साधारण ८० ते १०० फेमटोलिटर असतं. पेशी एकसारख्या आहेत की लहानमोठ्या, हे मात्र सरासरीवरून कळत नाही. अख्ख्या तांदळात कणी किती मिसळलीय, ते सांगतो आरडीडब्ल्यू. मशीन हजारो पेशी एकेक करून मोजतं, त्यांच्या आकारातला फरक काढतं आणि एमसीव्हीने भागून टक्क्यांत देतं. नेहमीची मर्यादा ११.५ ते १४.५, पण लॅबनुसार थोडी बदलते, म्हणून तुमच्या रिपोर्टवर छापलेलीच धरा.

तुमच्या पेशी लहान आहेत आणि लहानमोठ्याही आहेत. ही जोडी बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेत दिसते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. लोह हळूहळू संपत जातं तशी प्रत्येक नवी पेशी आधीच्यांपेक्षा बारीक निघते आणि जुन्या, बऱ्या आकाराच्या पेशीही रक्तात फिरत असतातच. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी जन्मापासूनच सरसकट बारीक, त्यामुळे आरडीडब्ल्यू बरेचदा नॉर्मलच्या आसपास राहतो. शिवाय पेशींची संख्या जास्त असते, अनेकदा ५० लाखांवर.

एक साधा भागाकार करून बघा. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागायचं : ७१ भागिले ४.१ म्हणजे १७.३. उत्तर १३ च्या वर आलं तर कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे. हा अंदाज झाला, निदान नव्हे. दोन्ही एकत्र असली तर हे गणित फसतं.

म्हणून आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासा. ते १५ च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपलाय. ३० च्या खाली असलं तरी बहुतेक डॉक्टर कमतरताच धरतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा ते दिवस टाळा. नात्यात मायनर आहे, त्यामुळे एचपीएलसीही (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी) करावीच. त्यात हिमोग्लोबिन ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर मायनरची शक्यता मोठी. लोह फार कमी असेल तर हा आकडा थोडा खाली ओढला जातो, म्हणून काठावरचं उत्तर आलं तर लोह भरून काढल्यावर पुन्हा तपासावं. गरोदर असाल तर मात्र थांबू नका. नवऱ्याचीही तपासणी लगेच करून घ्या, कारण दोघांनाही मायनर असेल तर बाळाला गंभीर थॅलेसेमिया होऊ शकतो. आणि लोह गेलं कुठे, हेही शोधायला हवं : पाळीत जास्त जाणं, मूळव्याध, जंत. नुसत्या गोळ्या खाऊन हे प्रश्न मिटत नाहीत.

प्रश्न : लोहाच्या गोळ्या सुरू करून तीन आठवडे झाले. आरडीडब्ल्यू १८ चा २१ झाला. गोळी बदलू का?

उत्तर : नको. गोळी लागू पडतेय. नव्या पेशी आता पुरेशा मोठ्या निघतायत, जुन्या बारीक अजून संपलेल्या नाहीत, म्हणून तफावत वाढली. तीन-चार महिन्यांत ती आपोआप उतरते. सध्या हिमोग्लोबिन बघा. चार आठवड्यांत साधारण १ ग्रॅम तरी वाढायला हवं. न वाढल्यास अनेकदा गोळीबरोबर चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी जात असते. मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, ते गोळीमुळेच. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, नाहीतर साठा भरत नाही. निम्मे लोक इथेच सोडून देतात, असं वाटतं.

प्रश्न : हिमोग्लोबिन, एमसीव्ही सगळं नॉर्मल; फक्त आरडीडब्ल्यू १५.४. इंटरनेटवर हृदयविकाराचं वाचून झोप उडाली.

उत्तर : बऱ्याच आजारांत हा आकडा वाढलेला आढळतो हे खरं, पण एकट्या आकड्यावरून हृदयाचं काहीच ठरत नाही. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असली तर बारीक आणि मोठ्या पेशी मिळून सरासरी नॉर्मल दिसते, म्हणून फेरिटिन आणि बी-१२ करून घ्या. शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेत असाल तर नक्कीच. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा, कारण दुसऱ्याच्या पेशी मिसळूनही हा आकडा वाढतो. नमुना बराच वेळ पडून राहिला तरी पेशी फुगतात. रक्त कधी काढलं आणि मशीनवर कधी लागलं, हे लॅबला विचारायला हरकत नाही.