वाचकांचे प्रश्न : परसातल्या कोंबड्या आणि मुलांच्या ताटातलं अंडं

बचत गटातल्या प्रत्येकीला योजनेतून २० एकदिवसीय पिल्लं मिळाली. पहिल्या दहा दिवसांत सात-आठ दगावली. उरलेली मोठी झाली, पण पावसाळ्यात माना वाकड्या होऊन गेली. जात चुकीची होती का?
— महिला बचत गट, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार

जातीला दोष देऊ नका. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या मरतुकी झाल्या आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिल्या दहा दिवसांतली बहुधा थंडीने झाली. पहिले तीन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं. २० पिल्लांना ६० वॉटचा एक बल्ब पुरतो, पण तो जुना, तारेचा हवा. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही, आणि ही चूक हल्ली सर्रास होते. पुठ्ठ्याचं गोल रिंगण करा, त्यात भाताच्या तुसाची दोन-तीन इंचांची गादी घाला आणि पहिले तीन दिवस तिच्यावर कागद अंथरा, नाहीतर पिल्लं दाण्याऐवजी तूस टिपतात. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बाखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असली तर वर घ्या. सगळीकडे पांगून दाणे टिपत असली तर हात लावू नका. वीज गेल्यावर मडक्यात निखारे ठेवायचे असतील तर खोलीची खिडकी उघडी हवी. बंद खोलीतल्या धुराने पिल्लंच काय, माणसंही दगावतात.

पावसाळ्यातली मरतुक मात्र लक्षणांवरून मानमोडीची, म्हणजे राणीखेतची दिसते. हिरवट-पांढरी पातळ हगवण, धाप, पंख गळणं आणि शेवटी पिळवटलेली मान. यावर औषध नाही, फक्त लस आहे. ५ ते ७व्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या सौम्य लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. १४व्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस. २८व्या दिवशी पुन्हा लासोटा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस, पंखाखाली कातडीत अर्धा मिली. आर-टू-बी त्याआधी देऊ नये. ती लस कडक असते, लहान पिल्लांना तिनेच त्रास होतो. तिच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना आर-टू-बी टोचली तर काही दिवस अंडी घटतात, त्यांना दर तीन-चार महिन्यांनी लासोटाचा थेंब सोयीचा. त्यातला एक मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत पडलाच पाहिजे.

हे सगळं दवाखान्यात माहीत असतं, तरी पाड्यावर लस होत नाही. कारण साधं आहे: कुपी १०० मात्रांची आणि घरात कोंबड्या दहा. कुपी फोडून लस कालवली की दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर ती बर्फात ठेवावी लागते. एका घरासाठी कोण फोडणार? म्हणून गटानेच दिवस ठरवा. पहाटे कोंबड्या सोडण्याआधी सगळ्या पाड्याच्या कोंबड्या खुराड्यातच अडवा, थर्मासमध्ये बर्फ भरून कुपी आणा आणि घरोघर फिरा. थेंब घालायला गटातल्या दोघीजणी अर्ध्या दिवसात शिकतात. टांझानिया आणि मोझांबिकमधल्या खेड्यांत आय-टू नावाची मानमोडीवरची, उष्णता सोसणारी लस गावातलेच लोक डोळ्यात थेंब घालून देतात, तेही दर चार महिन्यांनी. तिथे जे जमलं ते अक्कलकुव्यात न जमण्याचं कारण नाही. आजारी कोंबडीला लस देऊ नका; उपयोग होत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. एकाच दिवशी पटापट बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले, तर मानमोडीच असेल असं धरून चालू नका. मेलेली कोंबडी खाऊ नका, विकू नका, उघड्यावर टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ साली, तुमच्याच जिल्ह्यात, नवापूरला.

रोज एक अंडं दिलं की बाळाची उंची वाढते, असं वाचलं. खरं आहे का? आणि गरीब देशांत कोंबड्या वाटून कुपोषण हटतं का?
— समाजकार्याचा विद्यार्थी, अमरावती

तुम्ही वाचलेला अभ्यास बहुधा इक्वेडोरचा. ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तेव्हा खुजेपणाचं, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी दिसलं. तो २०१७ साली छापून आला आणि जगभर गाजला. दोनच वर्षांनी मलावीत तसाच प्रयोग जास्त मुलांवर झाला. तिथे उंचीत फरक पडला नाही. मलावीतली मुलं तळ्याकाठची, त्यांच्या जेवणात मासे आधीच होते आणि खुजेपणही तुलनेने कमी. जिथे ताटात प्राणिज काहीच नाही, तिथे अंड्याने जास्त फरक पडतो, असा याचा अर्थ आम्ही लावतो. अंड्याला जादूची कांडी समजू नये. त्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिनं, ब-१२, अ जीवनसत्त्व आणि मेंदूला लागणारं कोलीन आहे. लोहाची गरज मात्र ते भागवत नाही; अंगणवाडीतून मिळणारं लोहाचं औषध बंद करू नका.

कोंबड्या वाटण्याबद्दल : २०१६ साली बिल गेट्स यांनी गरीब देशांना एक लाख कोंबड्या देऊ केल्या, तेव्हा बोलिव्हियाने त्या नाकारल्या. आमच्याकडे कोंबड्या भरपूर आहेत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. कोंबडी देणं सोपं, ती जगवणं अवघड आणि तिचं अंडं घरातल्या लहानग्याच्या तोंडात पडणं सगळ्यात अवघड.

हिशेब करून पाहा. गावरान कोंबडी एका खेपेला १२-१५ अंडी घालते, मग खुडूक होऊन २१ दिवस अंडी उबवत बसते, मग पिल्लं सांभाळते. वर्षाला ५०-६० अंडी झाली तर खूप. घरात दोन लहान मुलं, रोज एकेक अंडं, म्हणजे वर्षाला ७३०. पाच गावरान कोंबड्यांच्या अडीचशे-तीनशे अंड्यांतून काही उबवायला, काही बाजारात, काही पाहुण्याला. मुलांना राहतं काय? म्हणून हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ग्रामप्रिया, वनराजा अशा परसात फिरणाऱ्या जाती तयार केल्या. अंड्यांसाठी ग्रामप्रिया घ्या. वनराजा अंगाने भरते, अंडी ग्रामप्रियाहून कमी देते. मात्र जातीच्या माहितीपत्रकावरचा अंड्यांचा आकडा पूर्ण खाद्यावरचा असतो. नुसत्या उकिरड्यावर सोडलेली कोंबडी तेवढी अंडी देणार नाही. संध्याकाळी प्रत्येकी ४०-५० ग्रॅम भरड मका-ज्वारी, थोडी पेंड आणि एका वाटीत शिंपल्याचा चुरा ठेवा. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते मिळालं नाही तर कवच पातळ होतं, अंडं फुटतं, आणि मग कोंबड्या अंडी खायला शिकतात. बुरशी लागलेला मका चुकूनही घालू नका.

सुधारित कोंबड्या खुडूक होत नाहीत. पुढची पिल्लं कुठून आणायची?
— शेतकरी, ता. संगमेश्वर

गावरान खुडूक कोंबडीखाली त्यांची अंडी ठेवा. सात दिवसांहून जुनी नकोत, एका कोंबडीखाली दहा-बारा पुरे. आठ-दहा माद्यांमागे एक नर हवा. बसवण्याआधी कोंबडीच्या पिसांत उवा नाहीत ना ते पाहा. उवा चावल्या की ती अर्ध्यात उठते. सातव्या रात्री टॉर्चवर अंडी धरा, शिरांचं जाळं दिसलं नाही ती काढा. मात्र ग्रामप्रिया, वनराजा या संकरातल्या. त्यांची पिल्लं आईइतकी अंडी देत नाहीत, त्यामुळे दीड-दोन वर्षांनी नवी पिल्लं विकतच आणावी लागतात.

सहा महिन्यांच्या बाळाला अंडं द्यावं का? सासूबाया म्हणतात, उष्ण पडतं. पिवळं आधी आणि पांढरं वर्षानंतर, असंही सांगतात.
— अंगणवाडी सेविका, ता. मोखाडा

सहा महिने पूर्ण झाले की द्या, पिवळं-पांढरं दोन्ही. पांढरं वर्षभर थांबवण्याची गरज नाही. अंडं १०-१२ मिनिटं उकळा, बलक घट्ट झाला पाहिजे. पहिल्या दिवशी चमचाभर, आईच्या दुधात किंवा वरणाच्या पाण्यात अगदी मऊ कुस्करून, तेही सकाळी. दोन तासांत अंगावर गांध्या, ओठांना सूज किंवा उलट्या दिसल्या नाहीत तर चार-पाच दिवसांत अख्ख्या अंड्यापर्यंत या. सूज आली किंवा श्वास लागला तर थेट दवाखान्यात न्या. सासूबायांशी वाद घालण्यापेक्षा पहिलं अंडं अंगणवाडीतच त्यांच्यासमोर भरवा. आदिवासी भागासाठीच्या सरकारी अमृत आहार योजनेत सात महिन्यांपासूनच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी ठरलेली आहेत, उरलेल्या तीन दिवसांचं बोलणं घराशी करा.

गावरान अंडं फार्मच्या अंड्यापेक्षा पौष्टिक असतं का?
— गृहिणी, सातारा

फारसा फरक नाही. कवचाचा रंग जातीवरून ठरतो, बलकाचा खाद्यावरून. हिरवा पाला आणि पिवळा मका खाल्ला की बलक गडद. कडकनाथचं अंडंसुद्धा काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. गावरान अंड्याला बाजारात दुप्पट भाव येत असेल तर एक विकून फार्मची दोन आणा आणि मुलांना खाऊ घाला. त्यात कमीपणा काही नाही.

मुंगसाच्या भीतीने रात्री कोंबड्या घरातच डालतो. चालेल का?
— वाचक, ता. धडगाव

शक्यतो नको. इथिओपियाच्या खेड्यांतल्या पाहणीत कोंबड्या असलेल्या घरांतली मुलं उंचीला बरी दिसली, पण जिथे कोंबड्या रात्री राहत्या घरात कोंडल्या जात, तिथे उलट चित्र होतं. रांगतं मूल विष्ठा लागलेला हात तोंडात घालतं, आतडी बिघडतात, आणि अंड्याचा फायदा तिथेच जिरतो. घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, जमिनीपासून दोन फूट उंच खुराडं करा. दर कोंबडीला एक चौरस फूट, अर्ध्या इंचाची जाळी, आणि दाराला कडीबरोबर कुलूपही. तळ फळ्यांच्या फटींचा ठेवा, विष्ठा खाली पडेल. रोज राख टाकून गोळा करा, परसातल्या वांग्या-मिरचीला कुजवूनच घाला. अंडी काढली की हात साबणाने धुवा. अंडं मात्र धुऊन ठेवू नका, कवचावरचा लेप जातो आणि ते लवकर नासतं. माखलेलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, किंवा धुवून त्याच दिवशी शिजवा.