हाडातली प्लेट, फटीतला गंज: वाचकांचे प्रश्न

खानापूर: वडिलांच्या मांडीत स्टीलची प्लेट आहे. रोप लावणीला ते दिवसभर चिखलात उभे असतात. प्लेट गंजेल का?

चिखलाची काळजी नको, जखम भरल्यावर बाहेरचं पाणी प्लेटपर्यंत पोचत नाही. तशीही ती चोवीस तास ३७ अंशांच्या खारट द्रवातच असते. अशा प्लेटचं ३१६एल जातीचं स्टेनलेस स्टील तगतं ते काही नॅनोमीटर जाडीच्या क्रोमियम ऑक्साईडच्या थरावर. थर खरवडला तरी ऑक्सिजन मिळताच पुन्हा धरतो. खरी अडचण स्क्रूच्या डोक्याखाली. चालताना तिथं प्लेट आणि स्क्रू किंचित घासतात, थर निघतो आणि फटीतला ऑक्सिजन संपतो. विरघळलेल्या धातूमुळे तिथं आम्ल तयार होतं, क्लोराईड (मिठातला क्लोरीनचा भाग) आत खेचलं जातं, मग थर धरतच नाही. काढलेल्या प्लेटवर खड्डे दिसलेच तर बहुतेक भोकाच्या काठालाच. नव्यानं दुखू लागलं, सूज किंवा पू आला तर डॉक्टरांना दाखवा. निव्वळ गंजाच्या भीतीनं प्लेट काढायला लावू नका.

उद्यमबाग, बेळगाव: ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा रॉड पडून आहे. त्यातून हाडाचे स्क्रू केले तर?

मुळीच नको. ३०४ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू नसतो, क्लोराईडपुढं ते लवकर हार मानतं. बाजारातलं साधं ३१६एलही चालत नाही, त्यातल्या सल्फाईडच्या कणांपाशी खड्डे सुरू होतात. चुंबक लावून हा फरक कळत नाही, हीटचं (एका वेळी वितळवलेल्या मालाचं) टेस्ट सर्टिफिकेट मागा. क्रोमियमची टक्केवारी अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, ही बेरीज किमान २६ हवी. क्रोमियम १७ आणि मॉलिब्डेनम २.२५, दोन्ही आपापल्या किमान मर्यादेत बसतात, पण बेरीज २४.४ भरते, म्हणजे माल नापास! शिवाय इंप्लांट बनवायला परवाना लागतो.

चिकोडी, एम.टेक. विद्यार्थी: एसबीएफ (शरीरातल्या द्रवासारखं बनवलेलं द्रावण) गढूळ होतं आणि पोलरायझेशनचे (विद्युतदाब वाढवत गंज मोजण्याच्या चाचणीचे) आलेख जुळत नाहीत.

गढूळपणा बहुधा क्रम चुकल्यानं येतो. प्लास्टिकच्या भांड्यात ३६.५ अंशांना ठेवलेल्या सुमारे ७०० मिली शुद्ध पाण्यात, आधीचं पूर्ण विरघळल्यावरच पुढचं, असं घाला: सोडियम क्लोराईड ८.०३५ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.३५५, पोटॅशियम क्लोराईड ०.२२५, डायपोटॅशियम फॉस्फेट ट्रायहायड्रेट ०.२३१, मॅग्नेशियम क्लोराईड हेक्झाहायड्रेट ०.३११. मग १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३९ मिली, आणि त्यानंतरच कॅल्शियम क्लोराईड ०.२९२, शेवटी सोडियम सल्फेट ०.०७२. आता ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारी पूड) चिमूटचिमूट घालत पीएच ७.४० ला आणा आणि पाण्यानं १ लिटर करा. ट्रिस एकदम ओतलं की तेवढ्या जागी पीएच चढतो, कॅल्शियम फॉस्फेट खाली बसतं. गढूळ झालेलं गाळून वापरू नका, फेकून द्या. (यात क्लोराईड १४७.८ मिलिमोल येतं, रक्तद्रवात १०३ असतं. निष्कर्ष लिहिताना हे विसरू नका.)

आलेख न जुळण्यामागं मात्र एपॉक्सीचा, म्हणजे नमुना ज्यात बसवता त्या रेझिनचा, संशय घ्या. नमुना आणि एपॉक्सीमध्ये केसाएवढी फट राहिली की गंज तिथं सुरू होतो आणि तुम्ही तो धातूच्या नावावर मांडता. चाचणीनंतर सूक्ष्मदर्शकाखाली कडा बघा. खड्डे कडेनं रांगेत असतील तर तो आलेख बाद. कडेवर लॅकर लावा, जमल्यास नमुना एपॉक्सीत न बसवता धरा. द्रावणात नायट्रोजन ३० मिनिटं, ओपन सर्किट (बाहेरून विद्युतदाब न लावता) १ तास, मग विद्युतदाब सेकंदाला ०.१६७ मिलिव्होल्टनं वाढवा. प्रत्येक वेळी ताजं द्रावण आणि नव्यानं घासलेला पृष्ठभाग घ्या.