परभणीच्या ऑफिसात चार लाखांचा सर्व्हर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्पर्धा परीक्षेच्या सराव चाचण्यांची वेबसाइट आहे, दर रविवारी सकाळी 10 वाजता 3,000 मुलं एकदम बसतात आणि साइट पडते. विक्रेत्यानं दोन झिऑन प्रोसेसर आणि 128 जीबी रॅमचा सर्व्हर चार लाखांत सांगितलाय, तो परभणीच्या ऑफिसात ठेवायचाय. पुरेल का?

सर्व्हर पुरून उरेल, आणि साइट तरीही रविवारी 10 वाजता पडेल. छातीठोक सांगतो, कारण हाच उद्योग मी लातुरात करून बसलोय.

आमची शेतमालाच्या भावाची साइट होती, आणि मशीन मोंढ्यातल्या एका आडत दुकानाच्या मागच्या खोलीत. दुपारी सोयाबीनचा सौदा निघाला की गावोगावचे लोक भाव बघायला तुटून पडायचे. दिवाळीच्या सुमारास आवक वाढली की साइट गपकन बंद. मी रॅम दुप्पट केली, फरक शून्य. प्रोसेसर बदलला, तरी तेच. शेवटी एका दुपारी गर्दी चालू असतानाच 'टॉप' कमांड (मशीनचा वेळ कशात जातोय ते दाखवणारी) लावून बसलो. प्रोसेसर कामात जेमतेम 12 टक्के, आणि 'डब्ल्यूए', म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, 80 च्या वर! कारण निघालं पानाच्या तळाशी असलेलं 'आतापर्यंत इतक्या जणांनी भेट दिली' हे काउंटर. माणूस आला की डेटाबेसात एक नोंद, आणि नोंद पक्की झाली की डिस्कवर लिहिणं. 7,200 आरपीएमची फिरती हार्ड डिस्क अशी विखुरलेली बारीक कामं सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या वर करत नाही. काउंटर काढलं, एसएसडी (न फिरणारी, चिपवर लिहिणारी वेगवान डिस्क) बसवली, काम संपलं. प्रोसेसरचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून आधी हिशोब करा. लग्नाला दोन हजार माणूस जेवणार असेल तरी ताटं एका पंगतीपुरतीच लागतात. बहुतेक साइटींचं तसंच असतं. तुमची अडचण ही की तुमचे सगळे पाहुणे पहिल्याच पंगतीला बसतात. तेव्हा महिन्याच्या भेटींचा आकडा विसरा, 10 ते 10:01 हे एक मिनिट धरा.

त्या मिनिटात काय होतं? 3,000 जण लॉगिन करतात, म्हणजे सेकंदाला 50. पासवर्ड बीक्रिप्ट या पद्धतीनं तपासला जात असेल (साइट पीएचपी भाषेत लिहिलेली असेल तर सहसा तेच असतं) तर ते काम मुद्दामच जड ठेवलेलं असतं. एका लॉगिनला एका कोअरचा (प्रोसेसरमधल्या एका कामगाराचा म्हणा) 0.1 सेकंद धरला तरी पाच कोअर नुसते पासवर्ड तपासण्यात अडकले. पीएचपी 8.4 पासून बीक्रिप्टची मूळ कॉस्ट (काम किती जड ते ठरवणारा आकडा, एकानं वाढला की काम दुप्पट) 10 वरून 12 केली आहे, म्हणजे हेच काम चौपट. तिथे वीस कोअर लागतील. यावरचं औषध फुकट आहे: लॉगिन साडेनऊलाच उघडा, मुलांना आत घेऊन 'पेपर 10 वाजता सुरू होईल' असं पान दाखवा. जिथे वीस कोअर लागत होते तिथे एक पुरतो.

पेपर सुरू झाल्यावरचं काम उलट हलकं आहे. तासाला 100 प्रश्न म्हणजे एका मुलाचं उत्तर 36 सेकंदांनी सेव्ह होणार, सगळ्यांचं मिळून सेकंदाला 83-84 नोंदी. माझ्या त्या जुन्या हार्ड डिस्कला यातच घाम फुटला असता, पण चांगल्या एनव्हीएमई (एसएसडीतला सगळ्यात वेगवान प्रकार) एसएसडीला हे काहीच नाही.

आता खरी गोम. पेपरमधल्या आकृत्या, नकाशे धरून पान 2 एमबीचं असेल तर 3,000 मुलांना 6 जीबी पाठवायचे. ऑफिसात 100 एमबीपीएसची लाइन असेल तर एवढं बाहेर जायला 8 मिनिटं लागतात. मागे मशीन चार लाखांचं असो की चाळीस लाखांचं, ही 8 मिनिटं कमी होत नाहीत. आकृत्या सीडीएनवर (तुमच्या फाइली स्वतःच्या सर्व्हरवरून वाटणाऱ्या सेवेवर) टाका, किंवा निदान त्यांचा आकार कमी करा. आमच्या एका मित्राच्या साइटवर मोबाइलनं काढलेले फोटो जसेच्या तसे चढवले होते, एकेक 4 एमबीचा.

आणि ऑफिसातली जागा. 'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' खरंच, पण बहुतेक सर्व्हरना आत येणारी हवा 35 अंशांच्या आतली लागते, आणि तुमच्याकडचा मे महिना मी तुम्हाला सांगायची गरज नाही. एसी बंद पडला की पंखे विमानासारखे ओरडतात आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, नेमका गर्दीच्या वेळी. मशीन सरासरी 300 वॅट खात असेल तर महिन्याला 216 युनिट झाले, एसी वेगळा. शिवाय लाइट. आमच्याकडे यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झालेल्या, लाइट गेली तशी दोन मिनिटांत मशीन गेलं, आणि डेटाबेस परत उभा करण्यात अख्खी रात्र गेली.

माझं मत: विकत घेऊ नका. मुंबईच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर भाड्यानं घ्या. 8 कोअर, 32 जीबी रॅम, एनव्हीएमई, बस. रॅमचा हिशोब असा: पीएचपीचा एक वर्कर (एका वेळी एकाचं काम करणारा प्रोग्रॅम) 50 एमबी धरला तर 100 वर्करना 5 जीबी, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या बफर पूलला (रॅममध्ये डेटा ठेवायच्या जागेला) 8 ते 10 जीबी (मूळ सेटिंग फक्त 128 एमबी असतं, ते तसंच ठेवून लोक रॅम विकत घेत बसतात), बाकी ऑपरेटिंग सिस्टिमला. क्लाउडवर असाल तर शनिवारी रात्री मोठं मशीन करा, रविवारी संध्याकाळी परत लहान. फक्त कोअर 'डेडिकेटेड', म्हणजे तुमच्या एकट्यासाठी राखलेले, आहेत का ते विचारा. स्वस्त व्हीपीएसवर (एकाच मशीनचे तुकडे करून अनेकांना भाड्यानं दिलेल्या सर्व्हरवर) टॉपमधला 'एसटी' आकडा वाढलेला दिसला तर तुमचा प्रोसेसर शेजारी वापरतोय असं समजा.

घ्यायचाच हट्ट असेल तर कोअरच्या संख्येपेक्षा गिगाहर्ट्झ बघा, कारण पीएचपीची एक विनंती (एका मुलानं एक पान मागणं) एकाच कोअरवर चालते. जुने, भरपूर कोअरचे पण मंद झिऑन इथेच फसवतात. ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका स्वतः दुरुस्त करणारी), लाइट गेली तरी हातातलं लिखाण पुरं करणाऱ्या एंटरप्राइज एसएसडी दोन, रेड 1 मध्ये (दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं), पण बॅकअप दुसऱ्या जागी वेगळा हवाच. चुकून डिलीट केलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून इमानदारीनं डिलीट करतं. आणि ते मशीनसुद्धा पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ठेवा, ऑफिसात नको.

कोटेशनवर सही करण्याआधी एक करा. येत्या शनिवारी रात्री आहे त्याच सर्व्हरवर के6 (खोटी गर्दी करून साइट तपासणारं सॉफ्टवेअर) नं 3,000 खोट्या मुलांची परीक्षा घ्या, दुसऱ्या मशीनवरून, त्याच मशीनवरून नको. त्या वेळचे टॉपमधले 'यूएस' (प्रोसेसर खुद्द कामात), 'डब्ल्यूए' आणि 'एसटी' हे तीन आकडे इथे खाली टाका, मग 32 जीबी लागते की 16 मध्ये भागतं ते बघू.